पंचाहत्तर किलोंची अट

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बिस्किटांच्या कारखान्यातल्या दवाखान्यात, पॅकिंग विभागाच्या चौदा नंबरच्या टेबलावर काम करणारी बाई वजनाच्या काट्यावर चढली, आणि काटा ब्याऐंशीवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी तिला खाली उतरवलं, काटा शून्यावर आला का ते वाकून पाहिलं आणि पुन्हा चढायला सांगितलं. ब्याऐंशी.

“चपला काढू का?”

“काढा.”

चपला निघाल्या. केसांचा चिमटा निघाला. कमरेला खोचलेली किल्ल्यांची जुडी टेबलावर आली. ब्याऐंशी.

“श्वास सोडून उभी राहू?”

“मावशी, तुम्ही श्वास सोडा नाहीतर धरा, काट्याला काही फरक पडत नाही.”

कारखान्यात तिला सगळे मावशीच म्हणत. वय त्रेचाळीस, नोकरी अकरा वर्षं, आणि अकराही वर्षं तात्पुरती. या वर्षी कायम करायच्या बायकांच्या यादीत तिचं नाव पहिल्यांदा आलं होतं. यादीतल्या सात बायकांना दवाखान्यातून ‘सक्षम’ असा शेरा आणायचा होता, कारण कायम झालेल्यांचा विमा कारखाना उतरवायचा आणि विमावाल्यांना जाड माणसं परवडत नव्हती. प्रत्येकीच्या उंचीप्रमाणे आकडा ठरलेला होता. मावशीचा आकडा पंचाहत्तर.

“सहा आठवडे आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सात किलो. मनावर घेतलंत तर होईल.” आणि त्यांनी एक छापील कागद पुढे केला.

मावशीने तो तिथेच उभ्याने वाचला. रोज पंचेचाळीस मिनिटं मोकळ्या हवेत चालावे. दिवसातून पाच वेळा ताजी फळे व भाज्या खाव्यात. बैठे काम टाळावे. आठ तास झोप घ्यावी. मनावर ताण घेऊ नये.

“बाई, हा कागद माझ्यासाठीच आहे ना? का दुसऱ्या कुणाचा चुकून आला?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या आठवड्यातून दोनदा यायच्या आणि एका सकाळी साठ माणसं तपासायच्या. “जमेल तेवढं करा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढचीला हाक मारली.

मावशीचं काम बैठं होतं, आणि ते तिने निवडलेलं नव्हतं. बिस्किटं वाहून नेणारा पट्टा ज्या उंचीवर होता त्या उंचीला उभं राहिलं तर पाठ मोडायची आणि बसलं तर हात पुरायचे. म्हणून अकरा वर्षं ती एका स्टुलावर बसून समोरून जाणारी बिस्किटं बारा-बाराच्या थप्प्यांनी पाकिटात भरत होती. मोडकी बिस्किटं बाजूच्या टोपलीत. दर शनिवारी त्या टोपल्यांतला चुरा तीन-तीन किलोंच्या पिशव्यांत भरून तात्पुरत्या कामगारांना फुकट वाटला जायचा. कायम कामगारांना चुरा नसायचा. त्यांना कॅन्टीनमध्ये दुपारचं ताट होतं: दोन भाज्या, काकडी-टोमॅटोचे काप, एक फळ. शिवाय त्यांना पहिली पाळी पक्की, म्हणजे दुपारी तीनला सुट्टी (तात्पुरत्यांना संध्याकाळपर्यंत थांबावं लागायचं), आणि मागच्या मैदानाच्या फाटकाचा पास. थोडक्यात, बारीक व्हायला जे जे लागतं ते सगळं बारीक झाल्यावर मिळणार होतं.

ही गोष्ट मावशीने बोलून दाखवली तेव्हा सुपरवायझरने थोडा विचार केला. “हो, पण नियम तसाच आहे,” तो म्हणाला. विचार केल्यावर तो नेहमी हेच म्हणायचा.

संध्याकाळी घरी तिने कागद वाचून दाखवला. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्यांत मावशी, नवरा आणि सासूबाई. मुलगी लग्न होऊन गेली होती. नवरा एका व्यायामशाळेच्या दारावर वॉचमन होता. बारा तास तो खुर्चीवर बसून, घाम गाळायला येणाऱ्या लोकांना दार उघडून द्यायचा. या नोकरीत त्याचं स्वतःचं पोट इतकं पुढे आलं होतं की गणवेशाची खालची दोन बटणं त्याने कायमची मोकळी सोडली होती.

“आमच्याकडे एक यंत्र आहे,” तो म्हणाला. “पट्टा फिरतो, माणूस त्यावर पळतो. तासभर पळतो आणि असतो तिथेच असतो.”

“माझ्यासमोर पण दिवसभर पट्टाच फिरतो. फक्त त्याच्यावर बिस्किटं पळतात. मला आत सोडतील का तुमच्याकडे?”

“मलाच आत सोडत नाहीत. पाणी प्यायला गेलो तर म्हणतात, दारावर कोण आहे?”

सासूबाई खाटेवर बसून चहात चुरा कालवून खात होत्या. त्यांना साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली होती. “मला पण दिला होता असला कागद,” त्या म्हणाल्या. “हे बंद करा, ते बंद करा. मी विचारलं, बाबा रे, हे सगळं बंद केल्यावर घरात खायला उरतं काय, तेवढं लिहून दे. तर म्हणाला, आजी, पुढचा पेशंट येऊ दे.”

“सासूबाई, आजपासून मी चुरा खाणार नाही.”

खाटेवरचा चमचा थांबला. “अगं, या चुऱ्यावर तुझी पोरगी लहानाची मोठी झाली. शाळेत डब्यात चुरा, घरी आल्यावर दुधात चुरा. दूध नसलं की पाण्यात. आणि आता चुरा वाईट झाला होय?”

“वाईट नाही झाला. मी जाड झाले.”

“तू जाड कुठे आहेस? भरलेली आहेस.”

“ते विमावाल्यांना सांगा.”

मंगळवारी तिने कागदाप्रमाणे भाजी आणायची ठरवली. गल्लीच्या तोंडाशी एकच दुकान होतं. त्यात पाकिटं, बाटल्या, साबण, मेणबत्त्या, आणि सगळ्यांत वरच्या फळीवर मावशीच्याच कारखान्याची बिस्किटं. भाजी म्हणजे कांदे-बटाटे.

“हिरवं काही ठेवत नाही का हो?”

“हिरवं?” दुकानदाराने फळ्यांवरून नजर फिरवली. “हिरवा साबण आहे. मावशी, भाजी ठेवली तर ती दोन दिवसांत मान टाकते. तुमची बिस्किटं बघा, आठ महिने हूं की चूं करत नाहीत. मी गरीब माणूस, मला न कुजणारा मालच परवडतो.”

भाजीबाजार दोन बस बदलून होता. मावशी पाळीवरून सुटून तिथे पोचायची तोवर सडका आणि महाग असे दोनच प्रकार उरायचे. पहिल्या आठवड्यात ती एकदा गेली, चार गाजरं आणि एक कोबी घेऊन आली. बसच्या गर्दीत कोबीवर एक गृहस्थ बसला. घरी नवऱ्याने त्या कोबीकडे पाहून “हा व्यायाम करून आलाय का?” असं विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

चालायचं तर कुठे, हाही प्रश्न होताच. बाग होती, ती सकाळी सहाला उघडायची, मावशीची बस पावणेसहाला सुटायची. संध्याकाळी ती येईपर्यंत बागेचा माळी कुलूप लावून शिट्टी वाजवत घरी निघालेला असायचा. रस्त्याला पदपथ होता, पण त्यावर मोटारी उभ्या असायच्या आणि माणसं रस्त्यावरून चालायची. पहिल्याच दिवशी एका ट्रकचा आरसा तिच्या कानाजवळून गेला आणि मावशीने मोकळ्या हवेचा नाद सोडला.

उरला इमारतीचा व्हरांडा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक्केचाळीस पावलं. रोज संध्याकाळी साडेसातला मावशी पदर खोचून व्हरांड्यात येऱ्याझाऱ्या घालू लागली. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर आले.

“वहिनी, घरात काही भांडण झालंय का?”

“नाही हो. का?”

“नाही, तीन दिवस झाले, तुम्ही तरातरा जाताय आणि परत येताय. आमची ही म्हणाली, बिचारीला माहेरी जायचंय पण पाय निघत नाहीये. म्हटलं, समजूत घालावी.”

तिने खरं कारण सांगितलं. शिंपीकाकांनी गळ्यातली टेप काढून तिच्यासमोर धरली. “सहा आठवड्यांनी कमरेचं माप घेऊ. ब्लाउज आत घ्यायला लागले तर शिलाई माफ.” पण वरून धपधप आवाज येऊन मशीनवरची टीप वाकडी जाते, तेव्हा अनवाणी चालता आलं तर बरं, असंही ते जाता जाता म्हणाले.

आता वजन दर आठवड्याला बघायचं कशावर? दवाखान्यातला काटा फक्त तपासणीसाठी होता. मग मावशी माल पाठवायच्या विभागात गेली. तिथे एक मोठा दांडीचा काटा होता. बिस्किटांच्या पाकिटांनी भरलेले प्लॅस्टिकचे क्रेट त्यावर चढायचे, आणि काटेवाला वजन लिहून गाडीत माल सोडायचा. काटेवाला साठीला टेकलेला, मितभाषी आणि कमालीचा काटेकोर माणूस. काट्यावर सरकारी शिक्का होता आणि तो शिक्का तो दररोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसायचा.

“या काट्याने कधी अर्ध्या पाकिटाचा फरक दाखवला नाही,” तो म्हणाला. “चढा.”

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी, चहाच्या सुट्टीत, मावशी चढली. काटेवाल्याने दांडीवरचं वजन सरकवलं, चष्मा वर केला आणि सांगितलं, “अठ्ठ्याहत्तर.”

मावशी पॅकिंग हॉलमध्ये धावत गेली. अकरा वर्षांत तिला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. “चार किलो! नऊ दिवसांत चार किलो!”

हॉलमध्ये एकच कालवा झाला. यादीतल्या बाकीच्या सहा बायकांपैकी तिघींना वजन उतरवायचं होतं. त्या तिघी तिच्याभोवती जमल्या. काय केलंस, कसं केलंस, कधी केलंस? मावशीने चेहरा गंभीर केला आणि व्हरांडा सांगितला, कोबी सांगितला, चुरा सोडल्याचं सांगितलं. कोबीवर माणूस बसला होता, ते गाळलं. त्या संध्याकाळपासून तीन वेगवेगळ्या इमारतींच्या व्हरांड्यांत तीन बायका तरातरा चालू लागल्या. पुढच्या बुधवारी त्याही काटेवाल्याकडे रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांचंही प्रत्येकीचं वजन चार-साडेचार किलोंनी उतरलेलं निघालं.

“मावशीच्या हाताला गुण आहे,” एक म्हणाली.

“हाताला नाही, पायाला,” दुसरी म्हणाली.

चुऱ्याचं मात्र अवघड होतं. शनिवारी मावशीने पिशवी नको म्हटलं, तेव्हा सुपरवायझरने वही उघडली. “सही करायची जागा आहे, नाकारायची जागा नाही. तुम्ही नको म्हणालात तर हिशेबात तीन किलो जास्त राहतात. ते मी कुठे दाखवू?” म्हणून पिशवी घरी यायची आणि सासूबाई ती खाटेखाली सरकवायच्या. घरी आल्यावर पोटात आग पडायची. बटाटे उकडेपर्यंत मावशी खाटेखाली न बघता बसायची. एका संध्याकाळी तिने बघितलं. हात पिशवीत गेला, मूठ भरली. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

“खा गं,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “मी कुणाला सांगत नाही.”

मावशीने मूठ पुन्हा पिशवीत मोकळी केली आणि व्हरांड्यात जाऊन त्या दिवशीची दुसरी पंचेचाळीस मिनिटं चालली.

सासूबाईंनी त्या शनिवारी निम्मी पिशवी शिंपीकाकांच्या घरी पाठवून दिली. सुनेसाठी नाही, आपल्याला चावत नाही म्हणून, असं त्यांनी बजावून सांगितलं. सहा वर्षं त्यांना चावत होता.

काटेवाल्याच्या वहीत मावशीचे आकडे ओळीने उतरत गेले. सत्त्याहत्तर. शहात्तर. पंचाहत्तर. सहाव्या आठवड्याच्या बुधवारी काटेवाल्याने दांडीवरचं वजन सरकवलं, पुन्हा मागे घेतलं, आणि पहिल्यांदाच हसला. “चौऱ्याहत्तर. एक किलो वरचा शिल्लक.”

नवऱ्याने व्यायामशाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं. तिथल्या शिकवणाऱ्या पोराने विचारलं, कुठलं यंत्र वापरतात? नवरा म्हणाला, व्हरांडा.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मावशी दवाखान्यात गेली. चपला तिने दाराबाहेरच काढल्या. काट्यावर अशी चढली जशी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढतात.

अठ्ठ्याहत्तर.

“बिघडलाय,” मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाई स्वतः चढून उतरल्या. काटा ठीक होता. मावशी पुन्हा चढली. अठ्ठ्याहत्तर.

“चार किलो उतरलेत, मावशी. सहा आठवड्यांत चार किलो म्हणजे उत्तम आहे. खरंच सांगते.”

“पण मी चौऱ्याहत्तर आहे! विचारा काटेवाल्याला!”

काटेवाल्याला बोलावलं गेलं. तो वही काखेत धरून आला. आपल्या काट्यावर शंका घेतली गेली आहे हे त्याला वाटेतच कळलं होतं आणि त्याचे कान लाल झाले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तुमचा काटा रिकामा असताना किती दाखवतो?”

“रिकामा तो कधी नसतोच. वर क्रेट असतो.”

“आणि नुसता क्रेट ठेवला की?”

“शून्य. क्रेटचे चार किलो आधीच वजा धरून ठेवलेले आहेत. आपल्याला माल मोजायचाय, क्रेट नाही. बावीस वर्षं तसंच...” काटेवाला थांबला. त्याने वही उघडली, बंद केली आणि मावशीकडे बघायचं टाळलं.

बाहेर रांगेत उभ्या असलेल्या तिघींपर्यंत बातमी पोचली आणि तिघींनी एकदम “अगं बाई!” म्हटलं.

“म्हणजे पहिल्या आठवड्यात माझं काहीच उतरलं नव्हतं?” मावशीने विचारलं.

“काहीच नाही,” काटेवाला जमिनीकडे बघत म्हणाला. “मी तुमच्यातून क्रेट वजा केला.”

मावशी स्टुलावर बसली. नेमका त्याच वेळी सुपरवायझर आत आला आणि त्याने नियमांची फाइल काढली. “अठ्ठ्याहत्तर म्हणजे अपात्र. नियम असा आहे...” तो मोठ्याने वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला.

“काय झालं? वाचा की,” मावशी म्हणाली.

“‘उमेदवाराचे वजन कारखान्यातील शिक्का असलेल्या प्रमाणित काट्यावर घ्यावे.’”

सगळ्यांनी दवाखान्यातल्या काट्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी तो उलटा करून पाहिला. खाली उत्पादकाचं लेबल होतं, शिक्का नव्हता.

“आख्ख्या कारखान्यात शिक्का एकाच काट्यावर आहे,” काटेवाला म्हणाला. त्याने मान वर केली. कानांचा रंग पूर्ववत होऊ लागला होता.

“आणि त्यावर मी चौऱ्याहत्तर आहे,” मावशी म्हणाली. “लिहून ठेवलेलं आहे. तारखेसकट.”

“अहो, पण क्रेट!” सुपरवायझर म्हणाला.

“नियमात क्रेट आहे का?”

त्याने पान उलटलं. नियमात क्रेट नव्हता.

“मावशी,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “तुमचं खरं वजन अठ्ठ्याहत्तरच आहे, हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे ना. आणि आणखी तीन उतरवायचेत, तेही माहीत आहे. उतरवते की. पण मला तुमचं ते ताट द्या, तीनची सुट्टी द्या, मैदानाचा पास द्या, आणि मग सहा आठवड्यांनी बोलवा. व्हरांड्यात चालून आणि बटाटे खाऊन माणूस जेवढं उतरू शकतं, तेवढी मी उतरले आहे.”

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. सुपरवायझर घाईने म्हणाला, “बाई, जपून. इथल्या काट्यावर घेतलेली वजनं नियमात बसत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, तर आजवर याच काट्यावर पास होऊन जी चाळीस माणसं कायम झाली...” पुढचं त्याने मनात ठेवलं. त्यात त्याचाही नंबर होता.

डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ विचार केला आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही आकडे लिहिले: दवाखाना अठ्ठ्याहत्तर, प्रमाणित काटा (क्रेट वजा) चौऱ्याहत्तर. खाली एक ओळ जोडली: उमेदवाराची प्रकृती सुधारते आहे, कॅन्टीनचे जेवण तातडीने सुरू करावे. ‘सक्षम’ किंवा ‘अक्षम’ यांपैकी कशावरही खूण केली नाही. फाइल त्याच दिवशी मुख्य कार्यालयात गेली. तिच्यामागून बाकीच्या तिघींच्याही गेल्या.

बुधवारी मुख्य कार्यालयातून फोन आला आणि वजन घेताना क्रेट कुठे होता, अशी विचारणा झाली. सुपरवायझरने बाजूला होता असं सांगितलं. गुरुवारी पुन्हा फोन आला: बाजूला म्हणजे किती अंतरावर?

शुक्रवारी दुपारी सव्वाबाराला मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आले. त्यांनी काटेवाल्याची वही पाहिली, शिक्का पाहिला. मग एक रिकामा क्रेट मागवून तो दवाखान्यातल्या काट्यावर ठेवला आणि आलेला आकडा कागदावर टिपला. डॉक्टरीणबाईंनी जेवणाबद्दलची ओळ दाखवली, तेव्हा ते म्हणाले, तो विभाग वेगळा आहे. पावणेएकला ते गेले.

शनिवारी संध्याकाळपर्यंत कायम झालेल्यांची यादी फलकावर लागलेली नव्हती.